नऊ अक्षरं आणि एक माशी

मी एक जुनी फळी आहे, मित्रांनो. तोंडं वाकडी करू नका. राजाच्या तलवारीची किंवा उंच मनोऱ्यावरच्या घड्याळाची गोष्ट ऐकायला मिळेल असं तुम्हाला वाटलं असेल, पण आज समोर मीच आहे, त्यामुळे तुमचा नाइलाज आहे. लांबीला अडीच हात, रुंदीला एक हात, एका कोपऱ्याचा टवका उडालेला आणि मधोमध दोन गोल भोकं, अशी मी एका गॅरेजच्या भिंतीवर राहते. माझ्या अंगाला ग्रीसचा वास येतो आणि तो आता जन्मात जायचा नाही.

पण माझं नाव मात्र ऐटबाज आहे. ते इंग्रजी आहे, दोन शब्द जोडून झालेलं आहे, आणि तुमच्यापैकी जो कोणी मोटारीत पुढच्या सीटवर बसला असेल त्याने ते शंभरदा ऐकलेलं आहे. ते नाव मुळात कुठून आलं, हे शोधताना एका मुलीच्या नाकी नऊ आले होते. मला सगळं माहीत होतं, पण बोलायची सोय नव्हती. त्या मुलीची गोष्ट सांगण्याआधी माझी सांगते. जरा सरकून बसा.

मला एका सुताराने घडवलं. तो घोडागाड्या बांधायचा. हात असे, की त्याने बसवलेल्या चाकाला कधी कुरकुर माहीत नाही. मात्र लिहिण्यावाचण्याच्या नावाने शून्य. कुठला भाग कुठे बसवायचा हे लक्षात राहावं म्हणून तो लाकडावर खाचा पाडायचा. एक खाच म्हणजे उजवं, दोन खाचा म्हणजे डावं, असा सगळा कारभार.

एकदा गावच्या सुईणबाईंनी त्याच्याकडून गाडी बनवून घ्यायचं ठरवलं. चाकांच्या खोक्याबरोबर एक इंग्रजी पुस्तक आलं होतं, त्यात गाडीच्या प्रत्येक भागाचं चित्र आणि चित्राखाली नाव. सुताराने चित्रं बघून गाडी बांधली. पण सातव्या पानावर चालकाच्या पायांपुढे उभी केलेली एक फळी होती, ती काही त्याला पटेना. ही नुसती शोभेची दिसतेय, उगाच वजन कशाला, असं म्हणून त्याने ती चक्क गाळली. म्हणजे मित्रांनो, माझ्या आयुष्याची सुरुवात मी नसण्यापासून झाली.

मग व्हायचं तेच झालं. गाडीला जुंपलेली घोडी होती मोठी नखरेल. रस्त्यात चिखल दिसला की ती बाजूने जायची नाही, मुद्दाम मधून टापा आपटत जायची. पहिल्याच फेरीत सुईणबाई एका बाळंतिणीकडे पोचल्या त्या डोक्यापासून पायापर्यंत चिखलाने माखून. दार उघडणाऱ्याने त्यांना ओळखलंच नाही. तो म्हणाला की आम्ही सुईण बोलावलीय, कुंभारीण नाही.

दुसऱ्या दिवशी बाई तशाच्या तशा सुताराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. रागावल्या म्हणावं तर तसंही नाही, फक्त चिखलाच्या हाताने त्यांनी पुस्तकाचं सातवं पान उघडून त्याच्यापुढे धरलं. सुताराने कपाळावर हात मारला. त्या फळीचं काम त्याला आत्ता कळलं. घोड्याच्या टापांनी उडालेला चिखल गाडीतल्या माणसाच्या अंगावर येऊ नये म्हणून आपल्या अंगावर घ्यायचा, हेच तिचं काम. त्याच दिवशी त्याने मला कापलं, तासलं, रंगवलं आणि गाडीच्या पुढे उभं केलं.

एवढ्यावर तो थांबला नाही. त्याच्या मनाला लागलं होतं. नाव माहीत असतं तर मी ही विसरलो नसतो, असं तो दिवसभर घोकत होता. शेवटी त्याने एक खिळा विस्तवात तापवला, सातवं पान समोर ठेवलं, आणि माझ्या आतल्या बाजूला, अगदी खालच्या कडेला, चित्राखालची अक्षरं जशीच्या तशी डागून काढायला सुरुवात केली. त्याला एकही अक्षर येत नव्हतं. तो अक्षरं काढत नव्हता, अक्षरांची चित्रं काढत होता. जिभेचं टोक दातांत धरलेलं, कपाळावर घाम. मला चटके बसत होते, पण मी हूं की चूं केलं नाही. आपलं नाव घालायला कोणी एवढं राबतंय म्हटल्यावर तक्रार कसली करायची?

त्यात एक गंमत झाली. त्या पानावर शेवटच्या अक्षराला चिकटून एक माशी चिरडलेली होती. केव्हातरी पुस्तक मिटताना सापडली असावी बिचारी. सुताराला वाटलं, हेही अक्षरच. जरा अवघड आहे इतकंच. त्याने तिचे सहा पाय मोजून काढले, एक पंख सरळ काढला, दुसरा मोडलेला होता तो मोडलेलाच काढला. सुईणबाईंना वाचता येत होतं. त्यांनी ते पाहिलं आणि हसून हसून त्यांना खाली बसावं लागलं. नऊ अक्षरं आणि दहावी माशी आहे ती, असं त्यांनी त्याला समजावून सांगितलं.

सुतार तसूभरही हलला नाही. म्हणाला, "पुस्तकात आहे ना? मग राहू दे."

अशी मी नाव घेऊन कामाला लागले. काय दिवस होते ते! रोज सकाळी घोडी जुंपली की माझं अंग शिवशिवायला लागायचं. समोर डबकं दिसलं की गाडीवान म्हणायचा, सांभाळ गं फळीबाई, आणि पुढच्या क्षणी थपाक! माझं तोंड काळं आणि मागे बसलेल्या बाईंचे कपडे पांढरेशुभ्र. कोणाच्या दारात पोचलं की बाई उतरताना माझ्या वरच्या कडेवर थाप मारायच्या. स्वच्छ हातांनी आत जायच्या आणि थोड्या वेळाने आतून ट्यॅहां ट्यॅहां ऐकू यायचं. मला वाटायचं, या बाळाला जगात आणण्यात आपलाही चिमूटभर वाटा आहे. तुम्ही हसाल, पण मला तसं वाटायचं खरं.

हळूहळू लोक माझ्यावर काय काय अडकवायला लागले. गाडीवानाने चाबकासाठी एक आकडा ठोकला. बाईंनी वेळ बघायला आपलं घड्याळ खिळ्याला टांगलं. चालकाच्या डोळ्यांसमोर सतत असणारी मीच ना, मग जे डोळ्यांसमोर हवं ते माझ्या अंगावर. बरीच वर्षं गेली आणि मोटारी आल्या. त्या वेळी मोटारीचं नुसतं इंजिन, चाकं आणि सांगाडा यायचा, वरची गाडी सुतारांकडून बांधून घ्यायची पद्धत होती. सुईणबाईंनीही मोटार आणली आणि ती बांधायला माझ्याच सुताराकडे दिली. आता त्याचे केस पिकले होते. फळी मात्र तीच राहू दे, असं बाईंनी बजावलं. मग सुताराने माझ्या पोटात दोन गोल भोकं पाडली. एकात घड्याळ बसवलं, दुसऱ्यात तेलाचा दाब दाखवणारा काटा. समोर घोडी नाही, चिखल नाही, टापा नाहीत. पण मी तीच आणि माझं नावही तेच. काम बदललं म्हणून काही नाव बदलावं लागत नाही, हे मी तेव्हा शिकले.

पुढे पत्र्याच्या गाड्या आल्या आणि मला काढून ठेवलं. सुतार गेला. त्याच्या मुलाने सुतारकामाच्या जागी मोटारदुरुस्तीचं गॅरेज काढलं आणि मला भिंतीवर आडवं ठोकून माझं फडताळ केलं. मग त्याचा मुलगा गॅरेज बघायला लागला. त्याला सगळे मिस्त्री म्हणतात. मिस्त्रीने माझ्या दोन भोकांत तेल ओतायची दोन नरसाळी उभी केली, उरलेल्या जागेत ग्रीसचे डबे मांडले. अक्षरांची बाजू वर होती, पण तिच्यावर डबे, सांडलेलं तेल आणि धूळ यांचा असा काळा थर बसला, की माझं नाव माझं मलाच आठवेना. चाळीस वर्षं कोणी माझ्याकडे वर मान करून पाहिलं नाही. तरी मी रुसले नाही. डबे तर डबे. पाठीवर ओझं असलं की आपण कोणाच्या तरी उपयोगाचे आहोत एवढं तरी कळतं.

आता त्या मुलीकडे येते.

मिस्त्रीला एकच मुलगी. तिला लहानपणापासून शब्दांचं वेड. नवा शब्द कानावर पडला की कागदाच्या कपट्यावर लिहायचा आणि खिशात कोंबायचा. तिच्या खिशात चिठ्ठ्या, दप्तरात चिठ्ठ्या, धुवायला टाकलेल्या कपड्यांत चिठ्ठ्यांचा लगदा. म्हणून बापाने तिचं नावच चिठ्ठी ठेवलं. मोठी झाल्यावर ती एका शब्दकोशाच्या कार्यालयात नकलनीस म्हणून, म्हणजे इतरांचं लिखाण उतरवून काढायला, लागली. मिस्त्री येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, की आमच्या घरात आजवर कोणी अक्षर लिहिलेलं नाही, मी सहीपुरता, माझा बाप अंगठ्यापुरता, लिहिणारी ही पहिली. सांगताना त्याची छाती फुगायची आणि आवाज मात्र थोडा पडायचा. आपल्यामागे काहीच नाही आणि पोरीला सगळं स्वतःच उभं करावं लागतंय, हे त्याला बोचत असावं.

त्या कार्यालयात मुलांसाठी चित्रांचा शब्दकोश चालला होता. रोजच्या बोलण्यातले इंग्रजी शब्द, त्यांचा अर्थ, ते कुठून आले आणि शेजारी चित्र. तिथल्या संपादकबाई फार कडक. त्यांचा नियम एकच, की पाहिल्याशिवाय छापायचं नाही. जाडजूड ग्रंथात कितीही लिहिलेलं असो, ती वस्तू आपल्यापैकी कोणीतरी डोळ्यांनी पाहिलेली हवी, हातांनी चाचपलेली हवी, आणि चित्र तिच्यावरूनच काढायचं. चिठ्ठी आठ महिने नकला करत होती. एक दिवस बाईंनी तिला बोलावून एक शब्द दिला आणि हा पूर्ण तुझा, असं सांगितलं. शोध नीट लागला तर चिठ्ठी खिडकीजवळच्या शोधकांच्या टेबलावर बसणार होती. नाही लागला तर परत नकला. शब्द होता डॅशबोर्ड.

बापाच्या गॅरेजमध्ये तो शब्द दिवसातून वीस वेळा उच्चारला जायचा, म्हणून चिठ्ठी आधी त्याच्याकडेच आली. मिस्त्रीकडे उत्तर तयार होतं. गाडीला डॅश बसली की माणसाचं डोकं ज्या बोर्डावर आपटतं तो डॅशबोर्ड, यात शोधायचं काय आहे? हेच तो चाळीस वर्षं प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत आला होता. त्यामुळे लोक निमूटपणे पट्टा लावतात, असाही त्याचा अनुभव होता.

चिठ्ठीने ते लिहून घेतलं, पण तिला पुरतं पटलं नाही. तिने ग्रंथ चाळले. दोन दिवसांनी ती गॅरेजमध्ये आली ती जवळजवळ नाचतच. ग्रंथ सांगत होते, की हा शब्द मोटारीचा नाहीच, मोटारीच्या आधीचा आहे. इंग्रजीत डॅश म्हणजे जोराने आपटणं, शिंतोडे उडणं, आणि बोर्ड म्हणजे फळी. घोडागाडीच्या पुढे, उडणारा चिखल अडवायला जी फळी लावायचे ती डॅशबोर्ड. घोडे गेले, मोटारी आल्या, चालकापुढची जागा तशीच राहिली आणि नावही तिथेच चिकटून राहिलं.

भिंतीवर माझी काय अवस्था झाली असेल, कल्पना करा! माझ्यावरचे डबे थरथरले कसे नाहीत याचंच मला नवल वाटतं. अगं बाळ, वर बघ, असं मी जिवाच्या आकांताने ओरडत होते. पण फळीचं ओरडणं कोणाला ऐकू जाणार? चिठ्ठी माझ्या बरोबर खाली स्टुलावर बसली होती, तिचं डोकं आणि मी यांत हातभराचं अंतर.

मिस्त्री काही ऐकायला तयार नव्हता. घोड्याच्या गाडीला कसला डॅशबोर्ड, काटे कुठे, दिवे कुठे, असं म्हणून त्याने ग्रंथच खोडून काढले. लिहिणारे टेबलाशी बसून काहीही लिहितात, असंही वर म्हणाला. चिठ्ठीला राग आला, पण तिची खरी अडचण वेगळी होती. ग्रंथात होतं, तरी तशी फळी तिने पाहिलेली नव्हती. संपादकबाईंनी सांगून ठेवलं होतं, शुक्रवारी दुपारी पान छपाईला जाईल, त्याआधी फळी दाखव.

मग तिची वणवण सुरू झाली. जुन्या सामानाचा बाजार झाला, लाकडाच्या वखारी झाल्या. संग्रहालयात एक घोडागाडी होती, पण तिची पुढची फळी कधीच निखळून गेलेली. एका तबेल्यात गाडी मिळाली, तिच्या पुढे प्लॅस्टिकचा पत्रा. रोज संध्याकाळी ती गॅरेजमध्ये येऊन माझ्या खाली स्टुलावर बसायची आणि चपलांतली माती झटकायची. मी वरून बघायची आणि आतल्या आत तुटायची.

गुरुवारी दुपारी ती आली तेव्हा जेवणाचा डबाही न उघडता बसून राहिली. मग म्हणाली, "बाबा, उद्या पान जाईल आणि माझा शब्द गाळतील. मी परत नकला करत बसेन."

मिस्त्री इंजिनात डोकं घालून हं म्हणाला. ती गेल्यावर त्याने डोकं बाहेर काढलं आणि हातातला पाना खाली ठेवला. त्याला अजूनही वाटत होतं, की पोर चुकतेय आणि आपणच बरोबर आहोत. पण तिचा उतरलेला चेहरा काही त्याला बघवेना. मग स्वतःशीच पुटपुटायला लागला. फळी हवी ना, फळी? काढू देत चित्र. ती सांगते तशी मीच बनवून देतो, चूक असली तर असली. बाप कशाला आहे?

आणि लाकूड शोधत त्याची नजर फिरली ती थेट माझ्यावर आली. जाड, जुनं, मुरलेलं लाकूड. त्याने नरसाळी काढली, डबे उतरवले, खिळे उपटले आणि इतक्या वर्षांनी मला खाली आणलं. मला उचलून त्याने बाकावर पालथं घातलं आणि आजोबांचा रंधा काढला. आधी उलटी बाजू वरवर तासली, खोल टवके तसेच राहिले. मग मला सुलटं करून एका टोकाकडून रंधा मारायला लागला. माझ्या सालीच्या गुंडाळ्या खाली पडत होत्या आणि पातं माझ्या नावाकडे सरकत होतं. अजून चार हात मारले असते तर सगळं संपलं असतं. सांगते तुम्हाला, माझ्या पोटात गोळा आला, आणि पोटात दोन भोकं असताना गोळा येणं सोपं नसतं.

पातं ग्रीसच्या थरात अडकलं. मिस्त्री स्वच्छतेचा पक्का. त्याने रंधा पुसून बाजूला ठेवला, फडकं रॉकेलमध्ये बुडवलं आणि माझी खालची कडा खसाखसा पुसायला घेतली. थर निघाला. खाली काळ्या रेघा दिसल्या. त्याने अजून पुसलं. मग त्याचा हात थांबला.

इंग्रजी त्याला वाचता येत नाही. पण हा शब्द त्याला येतो, कारण चाळीस वर्षं तो सुट्या भागांच्या खोक्यांवर हा शब्द बघत आलाय. त्याने कोपऱ्यातलं एक खोकं आणलं, माझ्याशेजारी ठेवलं आणि काळं बोट फिरवत एकेक अक्षर जुळवून पाहिलं. एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं. नऊच्या नऊ जुळली. दहावं मात्र खोक्यावर कुठेच नव्हतं. त्याने वाकून पाहिलं, तर माशी!

तो मागच्या टायरवर मटकन बसला. रंधा हाताशी होता. चार हात मारले तर त्याचं चाळीस वर्षांचं म्हणणं शाबूत राहिलं असतं आणि कोणाला काही कळलं नसतं. तो हट्टी माणूस आहे, मी जवळून ओळखते. पण मिस्त्री हसायला लागला. आधी खुदखुदला, मग पोट धरून हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. त्याला लहानपणी बापाने सांगितलेली गोष्ट आठवली होती. आजोबांनी एका फळीवर माशी लिहिली होती, अशी घरातली जुनी थट्टा. त्याला ती थट्टाच वाटायची. त्याने माझ्यावरून हात फिरवला, अगदी सावकाश. आपल्या घरात कोणी अक्षर लिहिलेलं नाही, असं तो जन्मभर सांगत आला होता आणि ही नऊ अक्षरं त्याच्याच भिंतीवर होती.

रात्रीच चिठ्ठीला सगळं दाखवून शुक्रवारी सकाळी त्याने मला गाडीत घातलं. मागे टाकलं नाही, मित्रांनो, पुढच्या सीटवर उभं केलं आणि पट्टासुद्धा लावला. मागच्या सीटवरून चिठ्ठी मला दोन्ही हातांनी धरून बसली होती, मी पळून जाईन असं वाटत असावं तिला. माझ्या समोर गाडीचा डॅशबोर्ड होता. गुळगुळीत, काळा, दिवे लुकलुकणारा. चिखलाचा एक थेंब अंगावर घेतला असेल तर शपथ. पण पणतू कसाही असला तरी पणतूच. मला त्याचं कौतुक वाटलं.

संपादकबाईंनी मला टेबलावर ठेवायला सांगितलं, चष्मा पुसला आणि पुढून मागून चाचपून पाहिलं. चिखलाच्या बाजूचे टवके पाहिले, भोकं पाहिली, अक्षरं पाहिली. मग बाईंनी विचारलं, की ही अक्षरं जुनीच कशावरून? काल दुपारी खिळा तापवूनही लिहिलेली असू शकतील.

चिठ्ठीचा चेहरा पडला. मिस्त्री मात्र सरसावला. चाळीस वर्षं गिऱ्हाइकांशी वाद घातलेला माणूस तो. त्याने माशीवर बोट ठेवलं. आजोबांनी ज्या पुस्तकावरून हे काढलं ते पुस्तक आपल्या बहिणीकडे आहे, तिच्या शिवणयंत्राचा एक पाय आखूड आहे, त्याखाली ते कित्येक वर्षं आहे, असं त्याने सांगितलं. लगेच फोन झाला. अर्ध्या तासात आत्या पुस्तक घेऊन हजर, आणि आल्या आल्या तिची कुरकुर सुरू, की अर्धा सदरा शिवून झालाय आणि यंत्र आता डुगडुगतंय, काय ते लवकर बघा आणि पुस्तक परत द्या.

सातवं पान उघडलं. चित्र होतं, चित्राखाली नाव होतं, आणि नावाच्या शेवटी चपटी, वाळलेली, करड्या रंगाची माशी होती. संपादकबाईंनी भिंग घेतलं. एकदा पानाकडे, एकदा माझ्याकडे. सहा पाय. एक पंख सरळ. दुसरा मोडलेला, त्याच जागी, तसाच. कार्यालयातले सगळे आपापली टेबलं सोडून भोवती जमले. कडक म्हणून ज्यांची ख्याती, त्या बाई भिंग खाली ठेवून खळखळून हसल्या. सुईणबाईही अशाच हसल्या होत्या.

मग त्यांनी चिठ्ठीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "खिडकीजवळची खुर्ची पुसून घे."

चिठ्ठीने बापाचा हात धरला, ग्रीसने काळा झालेला, आणि तो काही सोडला नाही. तिचा आनंद मला लाकडातून कळत होता, कारण तिचा दुसरा हात माझ्यावर होता. तेवढ्यात बाईंनी एक छापील नोंदपत्रक पुढे केलं. वस्तू कोणाची, कोणी घडवली, कोणी दाखवली, हे मालकाने स्वतःच्या हाताने लिहायचं असतं. मिस्त्री गांगरला. मी सहीपुरता आहे, तूच लिही, असं तो पोरीला म्हणाला. ती नाही म्हणाली. शेजारी बसून एकेक शब्द तिने वेगळ्या कागदावर लिहून दिला आणि तो बघून बघून मिस्त्रीने आजोबांचं नाव, मग आपलं नाव उतरवलं. जिभेचं टोक दातांत धरलेलं, कपाळावर घाम. मला एकदम तापलेल्या खिळ्याची आठवण आली, आणि या वेळी चटका न बसताही आत काहीतरी हललं.

त्या दुपारी पान छपाईला गेलं. चित्रकाराने माझं चित्र दोन्ही बाजूंनी काढलं होतं, एका बाजूला चिखलाचे टवके, दुसऱ्या बाजूला अक्षरं. छापखान्यातून कच्चं पान तपासायला आलं, तेव्हा मिस्त्री लेकीचं नवं टेबल बघायला म्हणून तिथेच घुटमळत होता. छापखान्याच्या माणसाने अक्षरांच्या शेवटी लाल गोल केला होता. इथे शाईचा डाग पडलाय, काढून टाकतो, असं त्याचं म्हणणं. चिठ्ठी काही बोलायच्या आतच मिस्त्री पुढे झाला.

तो म्हणाला, "माशी राहू द्या. ती आमच्या आजोबांनी लिहिलीय."

माशी राहिली. तुमच्या हातात तो शब्दकोश आला तर ते पान उघडून बघा. सहा पाय मोजून घ्या.

आता मी पुन्हा गॅरेजच्या भिंतीवर आहे, पण माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, अक्षरं बाहेर करून. पहिले चार दिवस मला नुसतंच टांगून ठेवलं होतं, तेव्हा मला मुळीच करमेना. मग मिस्त्रीने तिरप्या दोन पट्ट्या ठोकून नरसाळी परत आणून लावली, तेव्हा कुठे बरं वाटलं. प्रत्येक गिऱ्हाइकाला तो मला दाखवतो आणि डॅशबोर्ड मुळात घोडागाडीचा, हे अशा ठसक्यात सांगतो की जणू जन्मल्यापासून त्याला माहीत होतं. पट्टा लावा, हे मात्र अजूनही वर सांगतोच.

जाता जाता एकच मागणं आहे, मित्रांनो. घरात कोपऱ्यात पडलेली जुनी फळी, जुना डबा, जुनी पेटी फेकायला काढाल तेव्हा थोडं थांबा. ती उलटी करा, ओल्या फडक्याने पुसा आणि कडेला नीट बघा. कोणीतरी घाम गाळून तिथे काही लिहून ठेवलेलं असेल. वाचता आलं तर वाचा. आणि शेवटी एखादी माशी दिसली, तर ती पुसू नका.